खुर्चीवरची पिशवी

पुर्तासी महिना लागला की किस्तनसामी पडयाचीच्या कपाळाला जी आठी पडायची, ती महिनाभर हलायची नाही. त्याचं तरी काय चुकलं म्हणा. माणूस जिवंत कोंबड्या विकणारा. वॉरविकच्या पुलाखाली त्याचा छोटा टेम्पो उभा असायचा. मागे खुराड्यांवर खुराडी रचलेली, आत तांबडे कोंबडे, ठिपक्यांच्या तलंगा आणि रश्शाला बऱ्या अशा म्हाताऱ्या कोंबड्या. अकरा महिने लोक 'किस्ता अंकल, जरा जड बघून द्या' करत यायचे, आणि पेरुमाळाच्या, म्हणजे विष्णूच्या, उपासाचा हा महिना आला की डर्बनमधला अख्खा तमिळ समाज एका रात्रीत पालेभाजीला लागायचा. झुलू गिऱ्हाइकं होती म्हणून घर चालायचं. पण पहाटे आणलेल्या कोंबड्या संध्याकाळी तशाच परत न्यायच्या म्हणजे त्यांना शहर दाखवायला आणल्यासारखं व्हायचं.

बरं, हा स्वतः तरी त्या महिन्यात कोंबडी खायचा? छे. आईने घालून दिलेलं व्रत, ते त्याने एकदाही मोडलं नव्हतं. म्हणजे आपल्याच मालावर आपणच बहिष्कार टाकायचा आणि वर धंदा नाही म्हणून कुरकुरायचं, असा सगळा मामला.

किस्ताची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा केपटाऊनला, दिवाळीला फोन करायचा आणि 'पप्पा, आता तो टेम्पो विका' एवढं सांगायचा. घरात किस्ता आणि त्याची थोरली बहीण अंबिगा. तीही विधवा. टेम्पोजवळ स्टुलावर बसून पैसे तीच घ्यायची, आणि जीभ अशी की कोंबडी सोलायला सुरी लागू नये. किस्ता त्या मानाने मुखदुर्बळ. गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे तो कधी बघायचाच नाही. खाली मान घालून कोंबडी मांडीवर घ्यायचा, तिच्या डोळ्यांवर तळहात ठेवायचा, ती निवली की मग पाय बांधायचा. अंबिगा म्हणायची, "अरे, ती चालली कापायला. तिला काय अंगाई गातोस?" तो म्हणायचा, "अक्का, घाबरलेली गेली तर मला रात्री झोप लागत नाही."

माणसं त्याच्या लक्षात राहायची नाहीत, वस्तू राहायच्या. गिऱ्हाइकांतली एक पिशवी त्याला फार आवडायची. शाळेच्या गणवेशाच्या हिरव्या-किरमिजी कापडाच्या पट्ट्या जोडून शिवलेली, आणि एका बाजूला बांगडीएवढं गोल भोक, कडेने काज घातल्यासारखं दोऱ्याने नीट बांधून घेतलेलं. कशाला, तर कोंबड्याला मान बाहेर काढून श्वास घेता यावा म्हणून. दर शनिवारी ती पिशवी पुढे यायची. किस्ता तिच्यात कोंबडा सोडायचा आणि मान अलगद भोकातून बाहेर काढून द्यायचा. बाकीचे लोक प्लास्टिकमध्ये कोंबून न्यायचे. मग केव्हातरी ती पिशवी यायची थांबली. किस्ताने दोन-चारदा बहिणीला विचारलं, "ती भोकाची पिशवी दिसत नाही हल्ली." अंबिगा म्हणाली, "लोक माणसाची चौकशी करतात. हा बाबा पिशवीची करतोय."

तर त्या वर्षी पुर्तासी लागला आणि अंबिगाने पहिल्याच दिवशी हात टेकले. "दरवर्षी तुझ्यासाठी महिनाभर डाळ शिजवून शिजवून माझीच डाळ झालीय," ती म्हणाली. "मी ब्रेड-चहावर राहीन. तू दुपारचा ठाकोरभाईकडे जाऊन गिळ. नाहीतरी इथे तुला कोण विचारतंय महिनाभर."

ठाकोरभाईंचं दुकान बाजारामागच्या बोळात. गुजराती माणूस, आजोबांपासून हाच धंदा. अळूवड्या आणि पुऱ्या, मिरचीची भजी, आणि मुख्य म्हणजे क्वार्टर बीन्स. पावाचा चौथा हिस्सा उभा ठेवायचा, आतला मऊ गर काढायचा, त्या खड्ड्यात घेवड्याच्या दाण्यांचा तिखट रस्सा ओतायचा आणि काढलेला गर टोपणासारखा वर ठेवायचा. बाजूला गाजराच्या किसाचं लोणचं आणि एक हिरवी मिरची. ताट नाही, चमचा नाही. तेलकट कागद आणि आपली पाच बोटं.

एरवी तिथे बऱ्यापैकी वर्दळ असायची, पण पुर्तासीत पाय ठेवायला जागा नसायची. वकील, हमाल, नर्सा, कॉलेजची पोरं, सगळे उपासवाले तिथेच. टेबलं मोजकी, म्हणून ठाकोरभाईंचा कायदा कडक होता. कुणाच्याही समोर कुणीही बसायचं. आणि दुसरं, खुर्चीवर पिशवी ठेवलेली असली तर तिथे माणूस बसलाय असं समजायचं. "पिशवी म्हणजे माणूस," ते गल्ल्यावरून ओरडायचे. "पिशवी सरकवून बसाल तर उद्यापासून घरी डबा आणा."

पहिल्या दिवशी किस्ता हातात कागद धरून भिंतीशी उभा होता. रस्सा निवत चालला होता. नळाजवळच्या टेबलाशी एक बाई एकटी बसली होती. फुलाफुलांचा फ्रॉक, वर राखाडी स्वेटर, पिकलेले केस घट्ट बांधलेले. समोरच्या खुर्चीवर तिची काळी पिशवी होती. तिने किस्ताकडे जरा वेळ पाहिलं आणि पिशवी उचलून मांडीवर घेतली.

"बसा," ती म्हणाली. "शेजारीण येणार होती माझी, तिचा काही पत्ता दिसत नाही."

किस्ता बसला. भूक लागली होती आणि समोर अनोळखी बाई होती, ह्या दोन्हीमुळे त्याने घाई केली. सरळ पावाच्या भिंतीचा लचका तोडला. भिंत कोसळली, रस्सा कागदावरून निघाला तो थेट बाईच्या बाजूला. तिने शांतपणे आपला हातरुमाल काढून मध्ये बांध घातला.

"भिंत आधी खाल्ली की घर पडणारच," ती म्हणाली. "आधी टोपण बुडवून खायचं. मग कडेने एकेक तुकडा तोडत खाली उतरायचं. तुम्ही इथले नाही का?"

"इथलाच आहे. जन्मापासून," किस्ता ओशाळून म्हणाला. "पण टोपण मला आवडत नाही. गिळगिळीत लागतं. मला कड आवडते, भाजलेली."

"मग इकडे द्या ते. मला तेवढंच आवडतं. हात लावला नाहीत ना अजून? उष्टं मी कुणाचं खात नाही, अगोदरच सांगते. सख्ख्या बहिणीचं खाल्लं नाही कधी."

हात लावला नव्हता. किस्ताने कागद पुढे सरकवला, तिने टोपण उचललं आणि आपल्या पावाची खरपूस कड तोडून त्याच्या कागदावर ठेवली. असा तो सौदा ठरला. तिचं नाव कोगिलांबाळ मूडली. जग कोगी म्हणायचं, किस्ता मात्र पहिल्यापासून 'मिसेस मूडली' म्हणायचा आणि ती त्याला 'मिस्टर पडयाची'. ती शिवणाच्या कारखान्यात होती. आता घरी बसून लोकांचे पडदे आणि साड्यांचे फॉल शिवायची आणि दुपारी गावात द्यायला यायची.

दुसऱ्या दिवशी किस्ता गेला तर दुकान खच्चून भरलेलं, आणि नळाजवळच्या खुर्चीवर काळी पिशवी. त्याला पाहून तिने ती उचलली. "शेजारीण आजही नाही आली," ती म्हणाली. तिसऱ्या दिवशीही शेजारीण आली नाही. किस्ता मनात म्हणाला, काय बेभरवशाची बाई आहे ही शेजारीण, देव तिचं भलं करो.

चौथ्या दिवशी तिने विचारलं, "तुम्ही काय करता, मिस्टर पडयाची?"

आता सरळ सांगायचं की नाही? कोंबड्या विकतो म्हणावं, संपलं. पण त्याच्या थोडंच आधी ती म्हणाली होती की तिने जन्मात मांस तोंडात घातलेलं नाही. पुर्तासी असो नसो, बारा महिने ती ठाकोरभाईचं गिऱ्हाईक. नवरा खाणारा होता, त्याला करून घालायची, पण चव म्हणून बघायची नाही. "मीठ अंदाजाने टाकायची," ती म्हणाली. "कधी अळणी, कधी खारट. बिचारा काही न बोलता जेवायचा. एवढी वर्षं संसार केला, पण मीठ बरोबर पडलंय की नाही हे मला कधी कळलं नाही." हे ऐकल्यावर किस्ताने दोन्ही हात टेबलाखाली घेतले आणि म्हणाला, "पाखरं आहेत माझ्याकडे."

"पाळता?"

"हो. म्हणजे... सांभाळतो."

"कसली आहेत?"

"वेगवेगळी."

"गातात का?"

"सकाळी गातात," किस्ता म्हणाला, आणि खोटं तर बोललो नाही म्हणून स्वतःची समजूत घातली. कोगीने मान खाली घालून गाजराचं लोणचं चिवडलं. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, पण हा बाबा पाहील तर शपथ.

तिथून पुढे रोज निघण्याआधी पुलाखालच्या नळावर किस्ताची आंघोळ सुरू झाली. लिंबाने कोपरापर्यंत हात घासायचा, नखं कोरायची. टेम्पोत एक धुतलेला शर्ट खुंटीला लटकू लागला. अंबिगा स्टुलावरून सगळं बघत होती.

"पेरुमाळ फारच जवळून दर्शन देतोय वाटतं यंदा," ती एकदा म्हणाली.

"उन्हाळा लागलाय, अक्का. घाम येतो."

"घाम तीस वर्षं येतोय. लिंबू ह्याच वर्षी आलं." तिने पाकिटातली सुटी नाणी खुळखुळवली. "कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, किस्ता. आणि हे मी कोंबडीवाल्याला सांगायचं."

किस्ताने शर्ट चढवला आणि निघून गेला.

एके दिवशी नळाजवळचं टेबल रिकामं मिळालं. कोगी आली नव्हती. किस्ताने समोरच्या खुर्चीवर आपली टोपी ठेवली. एक जाडजूड वकीलसाहेब येऊन म्हणाले, ही टोपी उचला. आयुष्यात ज्याने कोंबडीचा भाव करताना आवाज चढवला नव्हता, तो किस्ता म्हणाला, "माणूस आहे तिथे." वकील उभे राहून जेवले. ती शेवटपर्यंत आली नाही. टोपण तसंच राहिलं, आणि रस्सा रोजचाच असून त्याला चव नव्हती. दुसऱ्या दिवशी ती आली आणि म्हणाली, डोळे तपासायला गेले होते, सुई ओवता येईना. त्याला इतकं हायसं वाटलं की त्याने तिच्या वाटची मिरचीही खाऊन टाकली आणि नंतर सगळा वेळ पाणी पीत बसला.

अरे, चौसष्टीतला माणूस. पण ह्या गोष्टीला वयाचं काय.

महिना संपत आला. शेवटच्या शनिवारी गर्दी कळसाला पोचली होती. ठाकोरभाई पाणी ठेवता ठेवता म्हणाले, "उद्याचा रविवार गेला की मी मोकळा. सोमवारी बघा, इथे मी आणि माशा."

"आणि मी," कोगी म्हणाली.

"तुम्ही तर आमच्या बारमाही, कोगीबेन. तुम्ही गिऱ्हाईक कुठे, तुम्ही घरच्या." मग त्यांनी किस्ताकडे पाहून डोळे मिचकावले. "ह्यांचं काय ते विचारा. सोमवारी ह्यांचा उपास सुटतो."

कोगी टोपणाचा शेवटचा तुकडा बुडवत होती. "हो की," ती खाली बघत म्हणाली. "सोमवारी तुम्ही सुटलात, मिस्टर पडयाची. घरी मस्त काहीतरी शिजेल. आता हा पाव कशाला खाल तुम्ही."

हीच ती वेळ. मी येणार आहे, असे तीन शब्द बोलायचे होते. त्याला बोलता आले नाहीत. "हं," तो म्हणाला. बस, 'हं'. अशा माणसाला काय करावं सांगा. महिनाभर ताकाला जाऊन भांडं लपवलं आणि आता ताक देणारी विचारतेय तर हा 'हं' म्हणतो.

पण त्याचीही बाजू आहे. रविवारी रात्रभर तो ह्या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिला. गर्दीत बाईच्या समोर बसणं वेगळं. जागाच नाही म्हटल्यावर कोण कुणाला विचारतो? उद्या सगळी टेबलं मोकळी असणार. मोकळ्या दुकानात एका विधुराने जाऊन नेमकं एका विधवेसमोर बसायचं म्हणजे ते बसणं राहत नाही, ते विचारणं होतं. ठाकोरभाई बघणार, भजी तळणारा बघणार, आणि तिला हो किंवा नाही काहीतरी करावंच लागणार. आणि ज्याला ती हो म्हणेल तो पाखरं सांभाळणारा. कोंबडीवाला किस्ता नव्हे. ती नाही म्हणाली तर पुन्हा त्या बोळात पाऊल टाकता येणार नाही. न गेलो तर मात्र ती समजेल की महिनाभर हा माणूस फक्त जागा नव्हती म्हणून समोर बसला होता. हे दुसरं त्याला जास्त लागलं.

सोमवारी पहाटेपासून पुलाखाली रांग. ज्यांनी महिनाभर मांसाचं नाव काढलं नव्हतं, ते सगळे एकाच वेळी जागे झाले होते. कुणी सुट्टी टाकून आलेलं, कुणी म्हाताऱ्या आईला रांगेत उभं करून गाडी लावायला गेलेलं. किस्ता खाली मान घालून पाय बांधत होता. कोंबड्यांचा कलकलाट, पिसं उडतायत, अंबिगाच्या हातातली पैशांची पिशवी फुगत चाललेली. वर्षाची खरी दिवाळी ती हीच. आणि उन्हं डोक्यावर आली तसा किस्ता उठला आणि नळाकडे निघाला.

"कुठे?" अंबिगा म्हणाली.

"तासाभरात येतो, अक्का."

"आज?" तिचा आवाज ऐकून रांगेतले पाचसहा जण गप्प झाले. "अरे, महिनाभर माशा मारल्या त्या आजच्या दिवसासाठी. पाय कोण बांधणार, मी?"

"तू बांध. फक्त आधी डोळ्यांवर हात ठेव."

अंबिगाने त्याच्याकडे पाहिलं. मग पैशांची पिशवी कमरेला खोचली आणि स्टुलावरून उतरली. "नाव काय तिचं?"

"मिसेस मूडली," किस्ता म्हणाला. रांग कान टवकारून ऐकत होती, पण आता त्याला त्याचं काही वाटलं नाही.

"तिला ठाऊक आहे तू काय विकतोस ते?"

किस्ता लिंबू शोधू लागला.

"मग आज सांगून ये. नाही म्हणाली तर परत ये, कोंबड्या कुठे जात नाहीत. हो म्हणाली तर..." तिने एक तांबडा कोंबडा ओढून मांडीवर घेतला, तो फडफडला. "हो म्हणाली तर सावकाश ये. निघ आता. आणि आरशात बघून जा जरा."

आरसा कुठला बघतोय. हात धुतले, शर्ट बदलला आणि निघाला.

दुकान रिकामं होतं. सगळी टेबलं पुसून ठेवलेली, खुर्च्या आत सरकवलेल्या. ठाकोरभाई गल्ल्यावर पेपर वाचत होते. आणि नळाजवळच्या टेबलाशी कोगी बसली होती, पाठमोरी. तिच्या समोरच्या खुर्चीवर काळी पिशवी होती.

किस्ता दारातच थबकला. गर्दीत पिशवी ठेवतात ती जागा धरायला. आज अख्खं दुकान मोकळं असताना जागा धरायची कशाला? म्हणजे कुणीतरी खरंच येणार होतं. शेजारीण असेल. नसेल तर आणखी कुणी. किंवा सरळच होतं की बाबा, आता गर्दी नाही, आता इथे बसू नकोस. पिशवी म्हणजे माणूस, आणि तो माणूस आपण नाही. त्याचे पाय परत फिरायला लागले होते.

"या, या," ठाकोरभाई पेपरवरून म्हणाले. "आज राजे आहात. हवं तिथे बसा."

आता पळताही येईना. किस्ता दाराजवळच्या टेबलाशी बसला, तिच्याकडे पाठ करून. ठाकोरभाईंनी न विचारता क्वार्टर बीन्स आणून ठेवलं आणि त्याच्याकडे असं पाहिलं की ह्याचं डोकं फिरलंय की काय. किस्ताला काहीच सुचेना. त्याने टोपण उचललं, रश्शात बुडवलं आणि त्याचा अर्धा तुकडा चावला. महिनाभर ज्याला हात लावला नव्हता ते टोपण.

"मिस्टर पडयाची," मागून आवाज आला. "आज बरीच पाखरं उडाली वाटतं."

किस्ताचा हात मानेवर गेला. कॉलरमध्ये एक तांबडं पीस अडकलं होतं, चांगलं बोटभर लांब. तो उठून उभा राहिला, एका हातात पीस, दुसऱ्यात अर्धं टोपण.

"मिसेस मूडली," तो म्हणाला, "मी पाखरं सांभाळत नाही. कोंबड्या विकतो. पुलाखाली टेम्पो आहे माझा. तीस वर्षं झाली. आत्ता तिथूनच आलो. तुम्ही मांस खात नाही म्हणालात, म्हणून मला सांगवलं नाही."

"माहीत आहे मला," कोगी म्हणाली.

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. त्याच्याही आधीपासून. दर शनिवारी मी तुमच्याकडून कोंबडा न्यायची. तुम्ही कधी मान वर केली नाहीत, त्याला मी काय करू? पण त्याच्या डोळ्यांवर हात ठेवून तो निवेपर्यंत थांबायचात, ते मी बघायची. नवऱ्यासाठी कोंबडा आणणं माझ्या जिवावर यायचं. तुमच्याकडे यायचं असलं की तेवढं जड जायचं नाही."

"गणवेशाची पिशवी," किस्ता हळू म्हणाला. "हिरवी-किरमिजी. काज केलेलं भोक."

ही गोष्ट कोगीला माहीत नव्हती.

"मी अक्काला विचारायचो, ती पिशवी कुठे गेली म्हणून," किस्ता म्हणाला. "पुष्कळ दिवस विचारत होतो."

"नवरा गेला माझा," ती म्हणाली. "मग कोंबडा कुणासाठी न्यायचा." तिने चष्मा काढून स्वेटरच्या बाहीने पुसला, पुन्हा घातला. "तुम्ही स्वतः सांगाल म्हणून महिनाभर वाट बघत होते. पुर्तासी संपला तरी तुमची पाखरं आपली गातच होती."

"मग आता ही पिशवी?" किस्ताने खुर्चीकडे बोट केलं. विचारून टाकलं एकदाचं. "कोण येणार आहे इथे?"

कोगीने मान वळवली. "ठाकोरभाई, तुमच्या दुकानात पिशवी म्हणजे काय?"

"माणूस," ठाकोरभाई पेपर बाजूला न करता म्हणाले.

"मग ह्यांना सांगा, कुठला माणूस."

ठाकोरभाईंनी पेपर खाली ठेवला. "अहो पडयाची, महिनाभर ही बेन लवकर येऊन खुर्ची अडवून बसायची. चार गिऱ्हाइकं माझ्याशी भांडून गेली त्या खुर्चीपायी. शेजारीण येणार म्हणे. हिची शेजारीण मी ओळखतो. ती तीन वर्षांपूर्वीच मुलीकडे राहायला गेली, पीटरमॅरिट्झबर्गला."

कोगीने पिशवी उचलली आणि मांडीवर घेतली. तिचे कान लाल झाले होते. महिनाभर खोटं बोलणारा एकटा किस्ताच नव्हता तर.

किस्ताने आपला कागद दोन्ही हातांनी उचलला, रस्सा सांडू न देता नळाजवळच्या टेबलावर आणला आणि तिच्यासमोर बसला. सगळं दुकान मोकळं होतं आणि तो तिथे बसला. तिने आपल्या पावाची खरपूस कड तोडून त्याच्या बाजूला ठेवली आणि सवयीने टोपणासाठी हात पुढे केला. तेव्हा त्याच्या लक्षात आलं.

"ते आज..." तो म्हणाला. "मी घाबरलो आणि चावलं त्याला. उष्टं झालं, मिसेस मूडली. मी ठाकोरभाईंकडून दुसरं आणतो."

"बसा," ती म्हणाली.

तिने त्याच्या बोटांतून ते अर्धं टोपण काढून घेतलं. त्याच्या दातांची खूण होती त्याच बाजूने रश्शात बुडवलं आणि तोंडात घातलं. सावकाश खाल्लं. ठाकोरभाईंनी पेपर पुन्हा तोंडापुढे धरला.

"मीठ बरोबर आहे," ती म्हणाली.